स्फटिक कुठे जातात

१२ सप्टेंबर

प्रयोगवहीत फक्त केलेलं आणि दिसलेलं लिहायचं, मनातलं लिहायचं नाही, असं बाई म्हणायच्या. पाच वर्षं मी तसंच करत आले. आज प्रयोगवही उघडली आणि पहिलं वाक्य 'बाई नाहीत' असं लिहिलं गेलं. ते मी केलेलंही नाही आणि मला दिसलेलंही नाही. म्हणून ते खोडलं आणि ही दुसरी वही काढली.

गेल्या गुरुवारी माझ्या पीएचडीच्या गाईड बाई गेल्या. विभागाच्या जिन्यात, दोन मजल्यांच्या मधल्या टप्प्यावर दम लागला म्हणून बसल्या आणि उठल्या नाहीत. हातात दुसऱ्या वर्षाच्या पोरांच्या प्रॅक्टिकलच्या वह्या होत्या. निम्म्या तपासून झाल्या होत्या. उरलेल्या मी तपासल्या.

शुक्रवारपासून मी लॅब साफ करत होते. कुणी सांगितलं नव्हतं. फ्यूम हूड, म्हणजे वाफा ओढून घेणारं पंख्याचं कपाट, आतून पुसला. सगळी काच आम्लाच्या टाकीत भिजवली, मग पाण्याने, मग ॲसिटोनने धुतली आणि ओव्हनमध्ये वाळवली. काचेच्या जुन्या कांड्या झिजल्या होत्या, त्या टाकून दिल्या आणि स्टोअरमधून नव्या आणल्या. तराजू ब्रशने झाडला. बाईंचं टेबल पुसलं, मग पुन्हा पुसलं. बाईंचा चहाचा कप चुकून आम्लाच्या टाकीत गेला. तो आता अगदी नवा दिसतो, पण त्यातून चहा पिऊ नये.

धाकटी, म्हणजे लॅबमधली सगळ्यात नवी विद्यार्थिनी, आज विचारत होती.

"ताई, तू रडलीस का गं?"

"वेळ झाला नाही."

"मी रोज रडते. हूड चालू करते आणि त्याच्यापुढे उभी राहते. पंख्याच्या आवाजात कुणाला कळत नाही."

मी तिला सांगितलं, हूडपुढे गॉगल काढू नकोस.

१५ सप्टेंबर

आमचा पदार्थ पिवळा आहे. त्याचं खरं नाव दीड ओळीचं आहे, म्हणून लॅबमध्ये सगळे त्याला 'पिवळा' म्हणतात. बाईंनी गेल्या वर्षी त्याच्यावर पेपर लिहिला. मुख्य दावा असा, की पिवळ्याच्या मधोमध सहा अणूंचं कडं आहे. दुसऱ्या एका विद्यापीठातल्या लोकांनी जर्नलला कळवलं, की ते कडं पाच अणूंचं असावं.

बाई म्हणाल्या होत्या, "असावं म्हणजे काय? असेल तर दाखवा की!"

पण दाखवायचं आम्हालाच आहे, कारण पिवळ्याचे स्फटिक फक्त आमच्याकडे येतात. त्या लोकांकडे पिवळ्याचं नुसतं चिकट तेल होतं. स्फटिकाचा एक्स-रे काढला की कुठला अणू कुठे बसलाय ते स्पष्ट दिसतं. मात्र स्फटिक नीट, मोठा हवा. आमचे पिठासारखे बारीक होते.

बुधवारी, म्हणजे जाण्याच्या आदल्या दिवशी, बाई म्हणाल्या, "आहेत तेवढे सगळे विरघळव. या वेळी सावकाश वाढू दे. मोठे येतील."

"सगळे? थोडे बाजूला ठेवू का?"

"परत येतील गं. कुठे जातात!"

मी सगळे विरघळवले. मग गुरुवार आला, आणि मग साफसफाई. आज झाकण काढून पाहिलं. फ्लास्कच्या तळाशी तेल आहे. पिवळं, चिकट. स्फटिक एकही नाही.

जर्नलने सत्र संपेपर्यंत मुदत दिली आहे. तोवर एक्स-रे पाठवला नाही तर पेपर मागे घ्यावा लागेल. तो बाईंचा शेवटचा पेपर आहे. माझ्या थिसिसचं तिसरं प्रकरणही तोच आहे, पण ते नंतरचं.

१८ सप्टेंबर

मला नवे गाईड मिळाले. ते रसायनशास्त्राचेच प्राध्यापक आहेत, पण त्यांचं सगळं काम कॉम्प्युटरवर चालतं, म्हणून विभागात त्यांना गणितसर म्हणतात. आज ते पहिल्यांदा लॅबमध्ये आले. दारातच उभे राहिले.

"आत यायचं तर बूट काढायचे का?"

"नाही सर. उलट बूट हवेतच."

ते दोन्ही हात पाठीमागे धरून आत आले, कशालाही धक्का लागू नये म्हणून. सगळीकडे पाहिलं.

"इतकं स्वच्छ नेहमीच असतं?"

"नाही. मी केलं."

"वा! मी मीटिंगमध्ये सांगतो." मग फ्लास्कपाशी वाकून बराच वेळ पाहिलं. "मी याचं गणित करून बघतो."

२२ सप्टेंबर

गणितसरांचं गणित आलं. ते म्हणाले, "गणितानुसार स्फटिक यायला काहीही हरकत नाही."

धाकटी म्हणाली, "सर, ते फ्लास्कला सांगा ना."

मला वाटलं सर रागावतील. ते ओशाळून हसले. जाताना म्हणाले, "बाई माझ्या गणिताला पंचांग म्हणायच्या." मग आणखी काही म्हणणार होते, पण एसी चालू आहे का बघून निघून गेले. आमच्या लॅबला एसी नाही.

विभागप्रमुखांची सूचना लागली आहे. सर्व संशोधन प्रयोगशाळांनी आमच्या प्रयोगशाळेचा आदर्श ठेवून आठवडाभरात स्वच्छता करावी. वरच्या मजल्यावरचे माझ्याशी बोलेनासे झालेत.

२६ सप्टेंबर

दुपारी एक गृहस्थ दारात उभे होते. बारीक अंगाचे, शर्टाच्या खिशात भिंग. हातात कापडी पिशवी.

"हवाबंद म्हणजे तूच का?"

बाई मला हवाबंद म्हणायच्या, मी कमी बोलते म्हणून. घरीही तसंच म्हणत असतील हे मला माहीत नव्हतं. हे बाईंचे यजमान. घड्याळं दुरुस्त करतात. मी त्यांना काका म्हटलं.

त्यांनी पिशवीतून बाईंचा कोट काढला. धुतलेला, इस्त्री केलेला. बाहीवर पिवळा डाग होता तो पार गेलेला.

"तीन पाण्यांतून काढला. डाग जाता जात नव्हता. तुमच्या लॅबचा आहे ना, म्हटलं नीट करून द्यावा."

मी आभार मानले. कोट खुंटीला लावला. काका स्टुलावर बसले आणि लॅबकडे पाहत राहिले.

"ती म्हणायची, लॅब म्हणजे नुसता उकिरडा झालाय."

"मी साफ केली."

"छान केलंस," काका म्हणाले. "मीही घर साफ केलं."

मग आम्ही दोघं बसून होतो. ते बरेच उशिरा गेले. त्यांना दुकानात काम नसावं.

३ ऑक्टोबर

पिवळा नव्याने बनवला. पुन्हा तेल.

बर्फात ठेवला, फ्रीजरमध्ये ठेवला. द्रावकं बदलली. कांडीने फ्लास्क आतून खरवडला, नवी कांडी मोडली. हलवला. हलवायचा नाही असं ठरवलं. धाकटी म्हणाली, "ताई, तू सारखी बघतेस म्हणून येत नाहीत. काहींना बघितलं की संकोच होतो." म्हणून दोन दिवस फ्लास्कवर रुमाल टाकला. रुमालाखाली तेल.

एनएमआर मशीनवर तपासला. पदार्थ तोच आहे आणि इतका शुद्ध कधीच नव्हता. मग अडतंय कुठे?

काका आज लायब्ररीचं पुस्तक द्यायला आले होते. बाईंच्या उशाशी होतं. त्याच्या पानांची दुमडलेली टोकंही त्यांनी सरळ करून आणली होती. गेल्या आठवड्यात किल्ली द्यायला आले होते. ती किल्ली आमची नाही. एकदाच सगळं आणलं असतं तर त्यांच्या खेपा वाचल्या असत्या. पण मी तसं म्हटलं नाही.

९ ऑक्टोबर

दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल आता मी घेते. आज बेंझोइक आम्लाचे स्फटिक करायचे होते. गरम पाण्यात विरघळवायचं, गाळायचं, थंड होऊ द्यायचं. न चुकणारा प्रयोग. सगळ्यांचे फ्लास्क पांढऱ्या सुयांनी भरले. मागच्या बाकावरची एक मुलगी तेवढी कडेला उभी होती.

"मॅडम, माझंच आलं नाही. मी तर मुद्दाम कोरा फ्लास्क घेतला होता. बाकीच्यांचे किती ओरखडलेले आहेत बघा. शी!"

"म्हणूनच आलं नसेल," मी म्हटलं. "स्फटिकाला सुरुवात करायला एक कण लागतो. त्याच पदार्थाचा. एवढासा, डोळ्यांना दिसतही नाही. जुन्या काचेच्या ओरखड्यांत मागच्या वर्गाचे कण राहिलेले असतात, हवेत असतात, टेबलावर असतात. आपल्याला वाटतं स्फटिक आपोआप आले. आपोआप काही येत नाही. जिथे वर्षानुवर्षं तोच पदार्थ केलाय, तिथे कण असतातच. जर कुणी सगळं अगदी स्वच्छ धुऊन काढलं तर..."

मुलं वाट पाहत होती.

"तर काय, मॅडम?"

मी म्हटलं, "शेजारच्याच्या फ्लास्कमधला एक कण घे आणि टाक." तिने टाकला. भराभर सुया वाढल्या. ती टाळ्या वाजवायला लागली.

मी स्टुलावर बसले. एका मुलाने पाणी आणून दिलं.

१० ऑक्टोबर

गणितसरांना सांगितलं.

"सर, स्फटिक मी घालवले."

"म्हणजे?"

"कण हूडमध्ये होते, कांड्यांवर होते, टेबलाच्या फटीत होते. सगळे धुतले. होते ते स्फटिक बाईंच्या सांगण्यावरून आधीच विरघळवले होते. आता पिवळ्याचा एकही कण कुठे नाही."

"म्हणजे स्वच्छतेमुळे?"

"हो."

"जिची मी मीटिंगमध्ये..."

"हो सर."

त्यांनी चष्मा काढला, पुसायला लागले, मग थांबून तसाच परत घातला. म्हणाले, "कोट?"

"काकांनी धुतला. तीन पाण्यांतून."

"अरे देवा," गणितसर म्हणाले. याचं गणित करून बघतो असं ते या वेळी म्हणाले नाहीत.

११ ऑक्टोबर

काकांच्या दुकानात गेले. दुकान पुढे, घर मागे. भिंतीवरची सगळी घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवतात. दुरुस्तीला आलेली असतात म्हणे.

"घरात घड्याळं माझी आणि वेळ बाईची," काका म्हणाले. "ती म्हणेल ते खरं."

तेही बाईंना बाईच म्हणतात. मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं. बाई पहिल्यांदा दुकानात आल्या त्या गिऱ्हाईक म्हणून. हे म्हणाले, "बाई, घड्याळ परवा मिळेल." ते तसंच राहिलं.

मी सांगितलं, की बाईंची एखादी न धुतलेली वस्तू हवी आहे. लॅबमधून त्यांच्याबरोबर घरी आलेली. का हवी तेही सांगितलं. काका ऐकत होते आणि त्यांचा चेहरा उतरत होता.

"पर्स मी ब्रशने झाडली. चपला धुतल्या. साड्या सगळ्या लाँड्रीत दिल्या." त्यांनी हात मांडीवर ठेवले. "मला वाटलं, नीट करून ठेवावं."

"मलाही तसंच वाटलं."

"चष्मासुद्धा..." ते थांबले.

बाई आम्हाला रोज ओरडायच्या, की हातमोजे घातलेल्या हाताने तोंडाला हात लावायचा नाही. आणि स्वतः हातमोज्यानेच चष्मा वर सरकवायच्या. दिवसातून कितीदा तरी. हे मला तेव्हाच आठवलं.

"चष्म्याचं काय, काका?"

"काडीच्या बिजागरीत पिवळं काहीतरी अडकलं होतं. सुईने काढलं."

"टाकलं?"

"टाकेन कसं?" काकांना माझ्या बोलण्याचा थोडा रागच आला. "गिऱ्हाइकाच्या वस्तूतून जे निघेल ते गिऱ्हाइकाचं. कचरा का असेना, पुडीत बांधून परत द्यायचा. आमच्या धंद्यातला नियम आहे. नाहीतर लोकांना वाटतं, आतलं काही काढून घेतलं."

त्यांनी खण उघडला. आत कागदाच्या लहान लहान पुड्या, प्रत्येकीवर नाव. एकीवर 'बाई' असं लिहिलं होतं. भिंगातून मला दाखवलं. पिवळा कण. रव्याच्या दाण्याहून लहान.

"तिच्या पहिल्या घड्याळातला कचराही असाच पुडीत दिला होता," काका म्हणाले. "दुसऱ्या दिवशी परत आली. म्हणाली, मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. यात तेल आहे, पितळ आहे आणि माझ्या लोकरीच्या स्वेटरचा एक धागा आहे. मी म्हटलं, बाई, हे सांगायला तुम्ही परत आलात? तर म्हणाली, घड्याळात काय अडकलं होतं ते तुम्ही नसतं का विचारलं?"

मी पुडी मागितली. तो कण द्रावणात टाकावा लागेल, परत मिळणार नाही, असंही सांगितलं. न सांगून चाललं नसतं.

काकांनी पुडी मिटली. खणात ठेवली. खण लावला.

"ते गिऱ्हाइकाचं आहे, पोरी."

मी म्हटलं, बरोबर आहे. आणि परत आले.

१६ ऑक्टोबर

लिहिण्यासारखं काही नाही. तेल आहे.

धाकटी म्हणाली, "अगं, तू काकांना समजावून का नाही सांगितलंस? एवढासा तर कण!"

एवढासाच आहे म्हणूनच, असं मी म्हटलं. तिला पटलं नाही.

१९ ऑक्टोबर

सकाळी लॅब उघडायला आले तर काका दाराबाहेर उभे होते. खिशात भिंग, हातात पुडी.

"ते पिवळं तुमचंच आहे कशावरून?" त्यांनी विचारलं. "जेवणातलंही असेल. ती वाचत वाचत जेवायची."

"असू शकेल. खात्री करायची तर द्रवणांक, म्हणजे तो किती तापमानाला वितळतो ते, बघावा लागेल. आणि बघितला तर कण संपेल."

"म्हणजे विचारायचं तर तिलाच विचारायचं."

ताजं द्रावण केलं, ते गढूळ व्हायच्या आत आटवणं थांबवलं, गाळलं, थंड होऊ दिलं. काका बाईंच्या स्टुलावर बसून पाहत होते. गणितसर आले, दारात थांबले, आत आले, पुन्हा दारात गेले.

कण उचलायला चिमटा घेतला. त्याची टोकं कणाहून जाड होती.

"इकडे दे," काका म्हणाले. भिंग डोळ्याला लावलं, स्वतःचा चिमटा काढला. कण उचलला. फ्लास्कच्या तोंडाशी नेला आणि तसाच धरून राहिले. कुणी घाई केली नाही.

मग सोडला.

कण बुडाला आणि तळाशी जाऊन बसला. बाकी काही झालं नाही. जेवायच्या सुट्टीपर्यंत काही झालं नाही. गणितसरांचा तास होता, ते गेले आणि लगेच परत आले. मुलांना काय सांगितलं कुणास ठाऊक. दुपारी धाकटी म्हणाली, "त्याला मिशा आल्यात."

खरंच होतं. कणाच्या चहूबाजूंनी बारीक पिवळे केस निघाले होते. संध्याकाळपर्यंत त्यांच्या सुया झाल्या. लांब, स्वच्छ, कडा धारदार. मी गेल्या वर्षीही असे पाहिले नव्हते.

काकांनी भिंगातून पाहिलं. "यातला तिचा कुठला?"

"तो आत आहे. त्याच्यावरच बाकीचे वाढलेत."

"म्हणजे गेला नाही."

"नाही. विरघळला असता तर बाकीचे आलेच नसते."

काका म्हणाले, "अच्छा." मग रुमालाने भिंग पुसत बसले. भिंग स्वच्छच होतं.

२५ ऑक्टोबर

एक्स-रे आला.

कडं पाचाचं आहे.

२६ ऑक्टोबर

मोजमापं स्वतः पुन्हा तपासली. दुसरा स्फटिक लावून पाहिला. पाच. बाईंनी ज्याला सहावा अणू धरलं होतं तो कड्याच्या बाहेर लोंबतोय. एकदा दिसल्यावर इतकं सरळ वाटतं, की आधी का दिसलं नाही असं होतं.

गणितसरांना दाखवलं. त्यांनी दार लावून घेतलं.

"हे पाहिलंय कुणी?"

"मी आणि मशीनवाल्याने."

"मी एक बोलतो. तुम्ही लगेच उत्तर देऊ नका." ते खिडकीकडे तोंड करून बोलले. "स्फटिक मिळालेच नाहीत असं कळवता येईल. पेपर मागे जाईल. गाईड वारल्या, काम अपुरं राहिलं, कुणी दोष देणार नाही. हे पाठवलं, तर मात्र बाई चुकल्या हे कायमचं छापलं जाईल. त्या उत्तर द्यायला नाहीत. तुमचं तिसरं प्रकरण कसं भरून काढायचं ते मी बघतो."

मी म्हटलं, "हे बरोबर नाही, सर."

"नाहीच आहे," सर म्हणाले. "मी त्यांच्याबरोबर वीस वर्षं भांडलो. मला त्यांना हरलेलं बघायचं नाहीये."

सर बाईंशी भांडायचे हे मला माहीत होतं. पण म्हणजे ते शत्रू असतील असं मी धरून चालले होते.

मी विचार करून सांगते म्हटलं. मी पुडी मागितली ती बाईंचं खरं ठरवायला. काकांनी दिली तीही त्यासाठीच.

२७ ऑक्टोबर

दुकानात गेले. एक गिऱ्हाईक घड्याळाचा पट्टा बसवून घेत होतं.

"काका, एक्स-रे आला."

"मग?"

"बाई चुकल्या होत्या."

काकांनी भिंग डोळ्यावरून काढलं. "कोण?"

"बाई."

"कितीने?"

"एकाने. सहा म्हणाल्या होत्या, पाच निघाले."

"पाच?"

"पाच."

काका हसायला लागले. आधी नुसते खांदे हलत होते, मग आवाज यायला लागला. पट्टा हातातून पडला. ते गिऱ्हाईक कधी माझ्याकडे बघे, कधी त्यांच्याकडे.

"माफ करा हं," काका त्याला म्हणाले, "आमच्या घरात असं पहिल्यांदाच झालंय." आणि परत हसायला लागले. "मी म्हणत होतो! एक दिवस चुकशील म्हणून! तिला म्हटलं होतं मी! अगं, तिला सांगायला..."

मग ते हसायचे थांबले.

गिऱ्हाईक पट्टा उचलून, उद्या येतो म्हणून गेलं. भिंतीवरची घड्याळं चालू होती. मी सरांचं म्हणणं सांगितलं. न पाठवताही चालेल, पेपर गुपचूप मागे घेता येईल, कुणाला कळणार नाही.

"मग तिला कळणार कसं?" काका म्हणाले.

बाईंना तसंही कळणार नाही, हे मला माहीत आहे. काकांनाही माहीत असावं.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तिचं नाव राहील ना त्याच्यावर?"

"पहिलं राहील."

"मग पाठव. पाच तर पाच." त्यांनी खाली पडलेली स्प्रिंगची पिन शोधून उचलली. "स्वेटरचा धागा निघाला तेव्हाही तिने तो माझ्या दुकानातला म्हणून नव्हता सांगितला. स्वतःचाच सांगितला."

तिथून परत लॅबमध्ये आले. कुणी नव्हतं. हूड चालू केला. आत काही ठेवलेलं नव्हतं. बराच वेळ चालू ठेवला. गॉगल काढला होता.

४ नोव्हेंबर

जर्नलला दुरुस्ती पाठवली. लिहिणाऱ्यांत पहिलं नाव बाईंचं, मग माझं. गणितसर म्हणाले, माझं नाव नको, मी काही केलं नाही. मी म्हटलं, दारात उभे होतात. ते शेवटी आभारात टाकलं. 'प्रयोगाच्या वेळी उपस्थित राहिल्याबद्दल.' त्या दुसऱ्या विद्यापीठातल्या लोकांना चार सुया पाठवल्या. आता त्यांच्याकडेही येतील.

एक सुई पुडीत बांधून काकांना दिली. कागद त्यांचाच होता, 'बाई' लिहिलेला. त्यांनी ती खणात ठेवली आणि सोमवारी एक किल्ली द्यायला येतो म्हणाले. मी म्हटलं, या.

संध्याकाळी फ्लास्क रिकामा करताना थोडं द्रावण बाईंच्या टेबलावर सांडलं. वाळून पिवळा डाग पडला. धाकटी ओला बोळा घेऊन धावली.

"राहू दे," मी म्हटलं.

"अगं, पण विभागप्रमुखांची सूचना..."

"राहू दे."

आज निघताना टेबल पुसलं नाही.